चोविसाव्या वर्षी काउंटी? उशीर झालाय का?

ग्रेसरोडकर
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय घरचा आहे, पण माहिती असणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतो.

मी मूळचा सांगलीचा, लेस्टरला येऊन १९ वर्षं झाली. बहीणही इथेच असते. तिचा मुलगा इथेच जन्मला, आता २४ वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षी काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या व्यावसायिक संघाच्या) वयोगट संघातून त्याला वगळलं, कारण उंची नव्हती आणि वेगही नव्हता. मग विद्यापीठात गेल्यावर हा गडी ताडासारखा वाढला. आता सहा फूट दोन इंच आहे, उजव्या हाताने मध्यम-जलद टाकतो. गेली दोन वर्षं प्रीमियर लीगच्या क्लबात नवा चेंडू त्याच्याकडेच असतो. (आयपीएल नव्हे हो, इथली शनिवारची क्लब लीग.)

गेल्या आठवड्यात एका काउंटीचा फोन आला. मे महिन्यात सेकंड इलेव्हनचे (त्यांच्या दुसऱ्या, राखीव संघाचे) दोन सामने खेळून दाखव, म्हणाले. काउंटीचं नाव सांगत नाही. पोरगा एका अकाउंटिंग फर्ममध्ये नोकरी करतो आणि परीक्षेचे चार पेपर राहिलेत. बहिणीचं म्हणणं, आधी पोटोबा मग विठोबा. मी क्लबात स्कोअरर म्हणून बसतो, त्यामुळे मी त्याला फूस लावतो असा माझ्यावर आरोप आहे. (थोडा खरा आहे.)

तर प्रश्न असा: या वयात व्यावसायिक काउंटी क्रिकेटमध्ये शिरता येतं का? कोणी शिरलंय का? आणि नेमकं अडतं कुठे?

चहाबिस्कीट
रुमाल टाकून ठेवतो.

लेगस्टंप
शिरता येतं, आणि शिरलेत. ताजं उदाहरण रिचर्ड ग्लीसन. ब्लॅकपूलचा माणूस, कंबरलँडकडून मायनर काउंटी (छोट्या, बिगर-व्यावसायिक काउंट्यांचं क्रिकेट) खेळायचा, पोरांना कोचिंग करायचा. नॉर्दम्प्टनशायरने घेतला २०१५ मध्ये, तेव्हा वय २७. इंग्लंडकडून पहिला टी-२० खेळला २०२२ च्या जुलैत एजबॅस्टनला, वय ३४. समोर आपणच होतो. रोहित, कोहली, पंत असे तिघे काढले, १५ धावांत ३. मी मैदानात निळा शर्ट घालून बसलो होतो, त्यामुळे तारीख विसरत नाही. पुढे चेन्नईकडून आयपीएलही खेळला, छत्तिसाव्या वर्षी.

दुसरा जॅक ब्रूक्स, तो डोक्याला पट्टा बांधणारा. ऑक्सफर्डशायरकडून मायनर काउंटी खेळत होता, २००९ मध्ये पंचविसाव्या वर्षी नॉर्दम्प्टनशायरला आला. नंतर यॉर्कशायरला गेला आणि २०१४, २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं काउंटी चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या संघात होता.

तेव्हा २४ म्हणजे काही म्हातारपण नाही.

काका_दादरचे
अहो आमचा प्रवीण तांबे विसरलात की काय? ४१ व्या वर्षी आयपीएल! त्याआधी प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही. वर्षानुवर्षं मैदानांवर ऑफिस क्रिकेट, मुंबईच्या पावसाळ्यातली कांगा लीग. आम्ही त्याला पावसात ओल्या चेंडूने लेगस्पिन टाकताना पाहिलाय. २०१३ ला राजस्थानने घेतला, त्याच वर्षी रणजी खेळला, पुढच्या वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. तुमच्या भाच्याला सांगा, अजून सतरा वर्षं आहेत.

सोलापुरी_चादर
काका, बहिणीला हे सांगितलं तर ग्रेसरोडकरांचं भाऊबीजेचं ताट बंद होईल.

नाईटवॉचमन
तांबेंबद्दल आदर आहेच, पण तुलना चुकतेय काका. एक तर लेगस्पिनर, त्याचं शरीर जलद गोलंदाजासारखं झिजत नाही. दुसरं, आयपीएलमध्ये दिवसाला चार षटकं. काउंटी चॅम्पियनशिपमध्ये मोसमात १४ सामने, प्रत्येकी चार दिवसांचे. एप्रिलच्या थंडीत सुरू, सप्टेंबरअखेर संपणार. मधे वनडे आणि टी-२० वेगळंच.

मी इथल्या क्लबात सात वर्षं बोलिंग केली. शनिवारी बारा-पंधरा षटकं, मग चहा, सँडविच, रविवारी सोफ्यावर आडवा. काउंटीत सोमवारी वीस षटकं टाकली आणि समोरचा संघ दिवसअखेर ३ बाद ३१० असेल, तर मंगळवारी सकाळी पुन्हा नवा चेंडू हातात घ्यायचा. क्लबातल्या गोलंदाजाचं शरीर ‘दुसरा दिवस’ ही गोष्ट ओळखतच नाही. खरी गोची तिथे आहे.

फिजिओताई
नाईटवॉचमन यांच्याशी अर्धी सहमत. माझं कामच हे आहे (लीड्स, क्रीडा दुखापती), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जलद गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्याला जो ताण-फ्रॅक्चर होतो, तो बहुतेक वेळा पंधरा ते बाविसाच्या आसपास. तेव्हा हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि आपण त्याच्यावर षटकांचा डोंगर रचतो. अकादमीतली कितीतरी गुणी पोरं तिथेच मोडतात. उशिरा आलेला मुलगा या घाटातून आपोआप सुटलेला असतो. ही त्याची जमेची बाजू, आणि काउंटीचे प्रशिक्षकही ती ओळखून असतात. ‘याचं मीटर कमी फिरलंय’ असं सरळ म्हणतात.

पण आठवड्याला पंधरा षटकांवरून एकदम चाळीसवर उडी मारली की हाड टिकतं, बाकीचं बोंबलतं. मांडीचा मागचा स्नायू, बरगडीलगतचा स्नायू, घोटा, टाच. सवय व्हायला महिने लागतात, आठवडे नाही. अकादमीतल्या मुलाला हे महिने पगार घेत मिळतात. तुमच्या भाच्याला ते नोकरी सांभाळून संध्याकाळी स्वतःच काढावे लागतील. मे महिन्याची ट्रायल असेल तर आजपासून आठवड्यात तीन दिवस चेंडू टाकायला हवेत, षटकं मोजून, हळूहळू वाढवत. एका दिवसात हिरोगिरी नको.

अवांतर: त्याचे बूट कसे आहेत?

ग्रेसरोडकर
फिजिओताई, बुटांचा विषय काढू नका! त्यावरून घरी महाभारत झालंय. पोराने शंभरावर पौंड घालून नवे बूट आणले आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन डाव्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पाडलं. बहिणीला वाटलं याचं डोकं फिरलं. मला फोन, ‘दादा, नवा बूट कापलाय रे यानं!’ चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, अंगठा बुटाच्या टोकावर आदळून नख काळं पडतं, म्हणून जलद गोलंदाज तिथे भोक पाडतात, हे तिला समजावून सांगितलं. म्हणाली, मग एक नंबर मोठा घ्यायचा होता.

(आणि ती कात्री कोथिंबिरीची होती. त्यावर वेगळं प्रकरण झालं.)

वैदेही_रेडिंग
कोथिंबिरीची कात्री! तुमच्या बहिणीच्या बाजूने +१.

हिशेबनीस
मी स्वतः अकाउंटंट, तेव्हा मला यातला हिशेब दिसतो. बोलिंग नाही कळत.

इंग्लंडात कायद्याने वर्षाला २८ दिवस भरपगारी रजा. बहुतेक ठिकाणी त्यात ८ बँक हॉलिडे धरलेले. हातात उरले २०. सेकंड इलेव्हनचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवसांत, तीन-तीन, चार-चार दिवस चालतात. म्हणजे पाच सामने खेळलात की वर्षाची रजा संपली, आणि डिसेंबरात आजीला भेटायला सांगलीला जायचं राहिलं. वर पाचही सामन्यांत ट्रायलवालाच असलात, तर करार नाही, पगार नाही. फार तर प्रवासखर्च आणि जेवण.

एकोणीस वर्षांचा मुलगा आईवडिलांच्या घरी राहतो, त्याला हे परवडतं. चोविसाचा असेल तर घरभाडं असतं, विद्यार्थी कर्ज असतं, कदाचित कोणी ‘पुढे काय’ विचारणारीही असते. उशिरा येणाऱ्याला वय नडतं असं म्हणतात. माझ्या मते वय नाही, सोमवार ते गुरुवार नडतो.

उनाड_पक्षी
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

लेगस्टंप
हिशेबनीस, बरोबर. आणखी एक. पूर्वी काउंटीत दहा-बारा वर्षं काढली की बेनिफिटचं वर्ष (खेळाडूसाठी निधी गोळा करायचं वर्ष) मिळायचं, त्यातून घर व्हायचं. २७-२८ ला आलेल्याला तिथवर पोचायलाच चाळिशी. शिवाय पहिला करार सहसा एका नाहीतर दोन मोसमांचा. तरुण पोराला ‘अजून वाढतोय’ म्हणून मुदतवाढ मिळते, उशिरा आलेल्याला कोणी वाढायला वेळ देत नाही. त्याने आल्या दिवशी तयार माल असायला हवं.

काका_दादरचे
बेसिल डॉलिव्हेराचं काय मग? केपटाऊनचा, वर्णभेदामुळे तिथे वरच्या क्रिकेटचं दार बंद. जॉन अरलॉट या समालोचकाला हिरव्या शाईत पत्रं लिहायचा, मला इंग्लंडात कुठे काम मिळेल का. १९६० मध्ये मिडलटन क्लबाने बोलावलं, तिकिटासाठी केपटाऊनच्या लोकांनी वर्गणी काढली. तेव्हा त्याचं खरं वय २८. वूस्टरशायरला आला तेव्हा तिशी उलटलेली, आणि इंग्लंडकडून पहिली कसोटी १९६६ मध्ये, ३४ व्या वर्षी. पुढे ४४ कसोट्या खेळला.

आणि तो वय कमी करून सांगायचा! खरं सांगितलं असतं तर कोणी घेतलंच नसतं असं त्याला वाटायचं. म्हणजे अडचण तेव्हाही वयाच्या आकड्याचीच होती.

नाईटवॉचमन
काका, हे उदाहरण मात्र जोरदार. डॉलिव्हेरा फलंदाजही होता, हे विशेष. कारण बाकीची यादी पाहा: ग्लीसन, ब्रूक्स, सगळे गोलंदाज. फलंदाजाला उशिरा शिरणं फार अवघड. क्लबात ताशी ११५ किलोमीटरचा चेंडू खेळून डोळा बसलेला असतो. काउंटीत १३५ चा आला की बॅट खाली येईपर्यंत तो कीपरकडे पोचलेला. ती सवय सोळा-सतराव्या वर्षी लागते, नंतर लावणं कठीण. गोलंदाजाचं तसं नाही. चांगल्या टप्प्यावरून आत आलेला चेंडू क्लबातही आत येतो आणि लॉर्ड्सवरही.

मैदानमास्तर
वेन मॅडसन? २५ व्या वर्षी डर्बीशायरला आला, त्याआधी दक्षिण आफ्रिकेकडून हॉकी खेळत होता. २००९ मध्ये पहिल्याच सामन्यात ग्लॉस्टरशायरविरुद्ध १७०.

लेगस्टंप
मैदानमास्तर, तो आधी तिकडे प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळलेला होता. हॉकीची काठी ठेवून थेट बॅट उचलली असं नाही. तरी उदाहरण चांगलं आहे.

सोलापुरी_चादर
डॅरेन स्टीव्हन्सचं नाव अजून कसं नाही आलं? लोकहो, ४३ व्या वर्षी हेडिंग्लीवर यॉर्कशायरविरुद्ध २३७, आणि त्याच सामन्यात २० धावांत ५ बळी. ४३ व्या वर्षी मी जिना चढून गेलो की पाण्याचा ग्लास मागतो.

नाईटवॉचमन
तो उशिरा *आलेला* नाही, उशिरा *पिकलेला* आहे. लेस्टरशायरकडून १९९७ लाच पहिला सामना खेळला होता. तिशीनंतर केंटमध्ये गोलंदाजी खरी बहरली, आणि २०२१ मध्ये विस्डेन या क्रिकेट वार्षिकाच्या पाच मानकऱ्यांत आला, वय ४४. याच्यात आणि बाहेरून आलेल्यात फरक आहे. एक वाड्यात राहून म्हातारा झाला, दुसऱ्याला वाड्याचा दरवाजाच सापडत नाही.

सोलापुरी_चादर
मान्य. पण मला त्याबद्दल बोलायचंच होतं. २०२१ चा तो ग्लॅमॉर्गनविरुद्धचा डाव, १४९ चेंडूंत १९०. नवव्या विकेटला १६६ ची भागी, त्यात समोरच्या मिगेल कमिन्सचा वाटा १ धाव. एक! आमच्या लग्नात कामाची वाटणी साधारण अशीच आहे.

चहाबिस्कीट
कमिन्स कोण आणि स्टीव्हन्स कोण ते सांगा.

सोलापुरी_चादर
बायको हा धागा वाचते.

आर्काइव्हवाला
जुन्या लोकांत बॉब ॲपलयार्ड. यॉर्कशायरकडून १९५० मध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा पंचविशी उलटलेली होती, म्हणजे त्या काळच्या यॉर्कशायरच्या मानाने अगदीच उशिरा. आणि पुढच्याच, पहिल्या पूर्ण मोसमात बरोबर २०० बळी. मग क्षयरोग, दोन मोसम वाया, तरी १९५४ ला परत येऊन इंग्लंडकडून खेळला.

टिच फ्रीमनचं वेगळंच. केंटकडून १९१४ मध्ये सुरुवात, लगेच महायुद्ध. खऱ्या अर्थाने सुरू झाला १९१९ ला, एकतिसाव्या वर्षी. १९२८ मध्ये एका मोसमात ३०४ बळी, वय ४०. हा आकडा आजही कोणी मोडलेला नाही, मोडणंही शक्य नाही. तेव्हा सामनेच दुप्पट असायचे.

आणि आपले दिलीप दोशी. कसोटीत आले एकतिसाव्या वर्षी, पण त्याआधी नॉटिंगहॅमशायरकडून काउंटीचं मीठ चाखलेलं. ३३ कसोट्यांत ११४ बळी. त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी असेपर्यंत भारतीय संघाचं दार बंद, म्हणून काउंटीत घासून घेतलं. म्हणजे काउंटी नेहमी दार अडवतेच असं नाही, कधी उघडतेही.

कोथरूडचा_वेगवान
मी २५ चा आहे, पुण्यात आयटीत. टेनिस बॉलवर फास्ट टाकतो. ऑनसाइट मिळत असेल तर इंग्लंडला येऊन काउंटी ट्राय करू का? सिरियसली विचारतोय.

उनाड_पक्षी
पॉपकॉर्न आणतो.

हिशेबनीस
हसू नका रे, सरळ उत्तर द्या. दादा, काउंटीत ‘स्थानिक’ म्हणून खेळायचं तर ब्रिटिश नागरिकत्व लागतं, आणि जन्म इथला नसेल तर तीन वर्षांचं वास्तव्य, वर्षाला किमान २१० दिवस. वर्क व्हिसावर आलात तर कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळायलाच बरीच वर्षं, मग नागरिकत्वाचा अर्ज. म्हणजे तिशी उलटलीच. दुसरा मार्ग परदेशी खेळाडूचा. तिथे एका संघात दोनच जागा, आणि त्या रहाणेसारख्यांसाठी असतात. शनिवारी क्लबात खेळा, मस्त मजा येते. काउंटी विसरा.

कोथरूडचा_वेगवान
ओके. थँक्स. टेनिस बॉलच बरा.

ग्रेसरोडकर
रहाणेवरून आठवलं. २०२४ ला तो आमच्या लेस्टरशायरकडून खेळला तेव्हा ग्रेस रोडवर एका कोपऱ्यात दहा-बारा मराठी डोकी कायम. एकाने डब्यात साबुदाणा खिचडी आणलेली. शेजारचे इंग्रज आजोबा विचारतात, हा पुडिंग आहे का? त्यांना चमचाभर दिली. पुढच्या दिवशी स्वतःचा वाडगा घेऊन आले.

वैदेही_रेडिंग
मुलींच्या बाजूनेही बघा जरा. इथे बायकांच्या देशांतर्गत क्रिकेटला व्यावसायिक करार मिळायला लागले ते २०२० मध्ये! त्याआधी इंग्लंडच्या संघातल्या सोडल्या तर बाकी सगळ्या नोकरी करून खेळायच्या. आमच्या क्लबातली एक जण शाळेत शिकवायची. सत्ताविशीत पहिल्यांदा तिला कोणी ‘खेळायचे पैसे देतो’ म्हटलं. उशीर तिने केला नव्हता, व्यवस्थेने केला होता. ती म्हणाली होती, पहिला पगार आला तेव्हा चुकून आलाय असं वाटलं.

लेगस्टंप
हा मुद्दा पुरुषांनाही लागू आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना काउंटीच्या वयोगट संघात निवडला जातो, मग अकादमी, मग करार. आत घेणारी चाळणी अकराव्या वर्षी लावतात, आणि बारा वर्षांनी ‘हा उशिरा आला’ म्हणतात. इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या भेदभावावरचा २०२३ चा तो स्वतंत्र समितीचा अहवाल वाचा, वर्ग, वर्ण, लिंग सगळ्यावर ताशेरे होते. खाजगी शाळांत मैदानं, माजी काउंटी खेळाडू कोच म्हणून. सरकारी शाळेत डांबरी अंगण. आपल्या लोकांचं तर विचारूच नका: क्लब क्रिकेटमध्ये दक्षिण आशियाई मुलं खच्चून, व्यावसायिकांत मोजकी.

मैदानमास्तर
प्रत्येक गोष्टीत भेदभाव काढायची सवय लागलीय. चेंडू रंग बघत नाही. विकेट काढा, घेतील.

लेगस्टंप
चेंडू बघत नाही हो. पण विकेट *कुठे* काढल्या ते बघणारा माणूस असतो. रविवारी सार्वजनिक बागेतल्या लीगमध्ये ७० विकेट काढल्या तर ते बघायला कोण येतो? बर्मिंगहॅमच्या सिटी युनिव्हर्सिटीत टॉम ब्राउन आणि माजी कसोटीपटू कबीर अली यांनी २०२१ ला साउथ एशियन क्रिकेट अकादमी सुरू केली ती यासाठीच. करार नसलेली, वगळली गेलेली पोरं गोळा करायची, हिवाळ्यात सराव द्यायचा आणि काउंटींच्या सेकंड इलेव्हनविरुद्ध सामने खेळवायचे. काशिफ अली तिथून वूस्टरशायरला गेला, वय २४. बरोबर तुमच्या भाच्याचं वय, ग्रेसरोडकर. जाफर चौहान यॉर्कशायरला गेला आणि पुढे इंग्लंडच्या चमूतही निवडला गेला. फक्त एक खिडकी उघडली तर इतकी पोरं आत आली. मग आधी भिंत होती हे मान्य करायला काय हरकत आहे?

मैदानमास्तर
काशिफ अलीचं माहीत नव्हतं. ठीक. ‘फक्त’ भेदभाव नाही, एवढंच म्हणतो.

चहाबिस्कीट
मैदानमास्तर ‘ठीक’ म्हणाले. तारीख लिहून ठेवा.

आर्काइव्हवाला
अशीच एक खिडकी आधीही होती. २०१० ते २०१३ युनिकॉर्न्स नावाचा अख्खा संघ काउंटींच्या ४० षटकांच्या स्पर्धेत खेळायचा. अट एकच, काउंटीचा करार नसलेले खेळाडू. सॉमरसेटने सोडलेला वेस डर्स्टन तिथे खेळला आणि त्याच मोसमात डर्बीशायरने उचलला. मग स्पर्धेचं स्वरूप बदललं आणि संघ गुंडाळला.

नाईटवॉचमन
आजची खिडकी म्हणाल तर ऑगस्ट. हंड्रेड (डावाला १०० चेंडूंची स्पर्धा) सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, ५० षटकांची वनडे कप त्याच दिवसांत होते. नावाजलेले खेळाडू तिकडे गेलेले, इकडे काउंट्यांना अकरा जण जमवताना नाकीनऊ. मग सेकंड इलेव्हन, क्लब, नॅशनल काउंटी (पूर्वीचं मायनर काउंटी), जिथे मिळेल तिथून पोरं आणतात. ग्रेसरोडकर, मे ची ट्रायल फसली तरी घाबरू नका. मे मध्ये नाव वहीत गेलं की ऑगस्टमध्ये फोन येतो. भाच्याने रजा सगळी मे मध्ये उडवू नये.

हिशेबनीस
वा! हे मला कळलं. १० दिवस मे, १० ऑगस्ट.

काका_दादरचे
आणि सांगली?

हिशेबनीस
आजीला लेस्टरला बोलवा.

ग्रेसरोडकर
मंडळी, सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. खबर देतो.

पहिला सामना पावसाने दीड दिवस गेला. सकाळी आठ अंश. पोराने पँटच्या खिशात हात गरम करायच्या पिशव्या ठेवलेल्या. १४ षटकं, ४१ धावा, १ बळी. स्लिपमध्ये एक झेल सुटला, नाहीतर आकडा बरा दिसला असता. दुसऱ्या सामन्यात पहिल्या दिवशी १९ षटकं, ३ बळी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाईटवॉचमन म्हणाले तेच! तो म्हणाला, मामा, पलंगावरून उठताना आधी एक कूस, मग हात टेकून दुसरी, मग पाय खाली. पायऱ्या उलटा उतरलो. तरी सात षटकं टाकली. फिजिओताई, तुम्ही सांगितलं तसं तेव्हापासून षटकं मोजून टाकत होता, म्हणून निदान उभा राहिला. घोटा सुजला, बाकी ठीक.

शेवटी प्रशिक्षकाने बाजूला घेतलं. म्हणाले, चेंडू छान पडतो, आवडलास. पण माझ्याकडे तुझ्यासारखे तिघे आहेत, सगळे एकोणीस-वीसचे आणि तिघांचे करार झालेत. तू त्यांच्याएवढा चांगला असून भागणार नाही, त्यांच्यापेक्षा दिसण्याइतका चांगला हवास. ऑगस्टमध्ये मोकळा असशील का?

पोरगा गाडीत वीस मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, मामा, तिघांपैकी एकाला मी नेटमध्ये पाहिलं, तो माझ्यापेक्षा जोरात टाकतो. पण दुसऱ्या स्पेलमध्ये त्याचा टप्पा हरवतो, माझा नाही हरवत.

फिजिओताई
सूज किती दिवस होती? बर्फ लावला ना? आठवडाभर पळणं बंद.

लेगस्टंप
प्रशिक्षकाने खरं सांगितलं, तेच बरं. उगाच आशा लावून ठेवणारे खूप. ‘टप्पा हरवत नाही’ हे वाक्य मात्र मला फार आवडलं.

वैदेही_रेडिंग
आणि ताईंचं काय म्हणणं?

ग्रेसरोडकर
दुसऱ्या सामन्याला ती आली होती. घडीच्या खुर्चीवर ब्लँकेट गुंडाळून, हातात पोळीभाजीचा डबा. त्याच्या तिसऱ्या विकेटला उभी राहून ओरडली, मैदानात एकूण प्रेक्षक अकरा, सगळ्यांनी वळून पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाली, जूनचा पेपर दिला तरच ऑगस्ट. पोराने मॅनेजरशी बोलणं केलं. ऑगस्टचे दहा दिवस रजा आणि वर लागलेच तर बिनपगारी, तोंडी मान्य झालंय. मी म्हटलं लेखी घे.

हिशेबनीस
लेखीच घ्या. ईमेलवर.

सोलापुरी_चादर
पेपर कोणता आहे?

ग्रेसरोडकर
टॅक्सेशन.

नाईटवॉचमन
बापरे. त्यापेक्षा एप्रिलमध्ये वाऱ्याविरुद्ध वीस षटकं परवडली.

चहाबिस्कीट
एक राहिलं. डावा बूट?

ग्रेसरोडकर
भोक आता दोन बोटं मोठं झालंय. मोजा बाहेर येतो. बहिणीने आतून चामड्याचा तुकडा लावून शिवून दिला, दाभणाने. कोथिंबिरीसाठी नवी कात्री मी आणून दिलीय.